फाटकाकडचा कान

"मरियाबाई, रागावू नका, पण तुमच्या सुवार्ताच्या कानांत काही दोष असावा," असं डेव्हिडमास्तर शिवणवर्गाच्या दारात उभे राहून म्हणाले, तेव्हा एका मुलीनं उलटी जोडलेली बाही मी उसवत होते. दोरा तुटला. काय बोलतो हा माणूस, असं मनात आलं, तोंडानं मात्र मी नुसतं "हो का?" म्हटलं. पहिलीतली पोरं निवडत होते ते, नाताळच्या गाण्यांसाठी. पेटीवर दोन सूर वाजवायचे आणि विचारायचं, दोन्ही सारखे की वेगळे? एवढंच. बाकीच्या पोरांना गंमत वाटली म्हणे. काही चुकली, काही बरोबर आली. माझी मात्र दर वेळी एकच उत्तर देत राहिली, सारखे. अगदी खालचा आणि अगदी वरचा सूर वाजवून पाहिला, तरी सारखे. "म्हणजे म्हैस आणि चिमणीच म्हणा ना," मास्तर हसत म्हणाले, आणि मी हसत नाही हे बघून गप्प झाले. माणूस भला आहे, नाशिकहून नवाच आलेला, कुणाशी काय बोलावं याचा अजून अंदाज नाही. मग त्यांनी सहज विचारलं, "घरी काही गाता-बिता का तुम्ही?" मी म्हटलं, "मास्तर, माझ्या मुली खोळंबल्यात." त्यावर ते गेले. मुली काही खोळंबल्या नव्हत्या, खिडकीत बसून बोरं खात होत्या. मी ती बाही पुन्हा जोडायला घेतली आणि स्वतःच उलटी जोडली.

कानांत दोष! माझी मुलगी गल्लीच्या तोंडाशी वळलेली सायकल ओळखते. पोस्टमनची की दूधवाल्याची, ते नुसत्या साखळीवरून सांगते. सर्जेपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बसून शेजारची छबूबाई आज अनवाणी आहे की चपला घालून, हे न बघता सांगते. भिंगारच्या छावणीकडून येणारा लष्कराचा ट्रक रिकामा आहे की भरलेला, हे मला कळत नाही, तिला कळतं. आणि हे मास्तर मला सांगतात, तिला ऐकू येत नाही! संध्याकाळी तिचा हात धरून घरी येताना मी मनातल्या मनात त्यांची चांगली हजेरी घेतली. पण राग कसा असतो, रस्ता असेपर्यंत टिकतो. घराचं फाटक आलं, ते करकरलं, आणि माझा राग तिथंच फाटकाबाहेर राहिला. कारण ते फाटक. आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला तेल मिळतं. शिवणयंत्राला मिळतं, पाळण्याच्या कड्यांना मिळत होतं, कपाटाच्या दाराला मिळतं. फाटकाच्या बिजागरीला तेवढं मी तेल लागू देत नाही. छबूबाईचा नवरा गहिनीनाथ एकदा शेजारधर्म म्हणून स्वतःहून बिजागरीत गोडं तेल सोडून गेला, तर मी त्या देवमाणसावर असा तोंडाचा पट्टा सोडला की बिचारा आठवडाभर माझ्या अंगणाकडे बघेना. मग मी मूठभर माती घेऊन त्या बिजागरीत भरली. चार दिवसांत पुन्हा करकरायला लागली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. छबूबाई म्हणाली, "मरियाबाई, येड लागायचं बरं का तुमाला." मी म्हटलं, "लागू दे."

शलमोन आले की आधी फाटक वाजेल, हे मी ठरवून टाकलं होतं. नवऱ्याचं नाव असं घेत नाहीत, मला कळतं. पण ते नाव तोंडात घेणारं आता दुसरं कोण उरलंय? आमच्या ख्रिस्ती देवळात सुद्धा पाळकसाहेब "आपले बंधू" म्हणतात. मी घेते. शलमोन दवाखान्यात ड्रेसर होते, जखमा बांधायचे, आणि लढाई लागल्यावर जखमा बांधायलाच लष्करात गेले. सिंगापूरला. मला तेव्हा दिवस होते. ते सुवार्ताला एकदाही भेटलेले नाहीत; मुलगी झाली तर हे नाव ठेव, एवढं सांगून गेले. ती झाली आणि त्याच सुमाराला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. बारशाला आलेल्या बायका माझ्याकडं बघत नव्हत्या, पाळण्याकडंच बघत होत्या. लष्करानं आधी कळवलं, बेपत्ता. लढाई संपल्यावर कळवलं, मृत समजण्यात यावे. समजावे! मी शिवणाची बाई आहे. कापड कमी पडलं तर पुरलंय समजा म्हणून झगा पुरा होत नाही. तुम्ही समजा, मी नाही समजत, असं मी त्या कारकुनाला तोंडावर सांगून आले. त्या वर्षी पूर्वेकडच्या कैदेतून सुटलेली माणसं स्टेशनावर उतरत होती. एक-दोघं तर अशी आली, की त्यांच्या घरी वर्षश्राद्धं झाली होती. मग माझं काय चुकलं?

आणि गाण्याचं म्हणाल, तर मी गाण्यात जन्मले आहे. माझे वडील, कृपादानमास्तर, शेवगावच्या बाजूच्या खेड्यांतून कीर्तनं करीत हिंडायचे, प्रभूची. एका हातात चिपळ्या, मागं आमचा चुलता टाळ घेऊन, आणि पेटीवर आई. होय, आईच. तिची मांडी म्हणजे माझी बसायची जागा आणि पेटीचा भाता माझ्या कानाशी. सूर यायच्या आधी भात्यातून वारा आत जातो, त्याचा एक आवाज असतो. मला तो सुराच्याही आधी कळला. मला कुणी सा शिकवला नाही. चुलीचा धूर जसा लुगड्याला लागतो तसं ते लागलं. वडील जेवताना आमटी बेचव झाली तर आईला बोलायचे नाहीत, नुसतं काल म्हटलेलं पद अर्धा सूर उतरून गुणगुणायचे, आणि आम्ही सगळी भावंडं खो खो हसायचो, कारण आम्हां सगळ्यांनाच ते कळायचं. सर्वांत धाकटा तीन वर्षांचा होता, तोसुद्धा हसायचा. तेव्हा वाटायचं, सगळ्या घरांत असंच असतं. शलमोनचं घर निराळं. तिथं पेटी नव्हती, पोथी नव्हती. सासूबाई, रंगुबाई त्यांचं नाव, पहाटे जात्यावर बसायच्या आणि येशूच्या ओव्या म्हणायच्या. त्यांचा आवाज दगडासारखा जड, पण दगडासारखाच जागचा हलायचा नाही. शलमोन त्या जात्याजवळ झोपून मोठे झाले, म्हणून त्यांचा आवाज खालचा. देवळात आम्ही पहिल्यांदा एकत्र गायलो तेव्हा मी वर होते आणि ते खाली, आणि मधे जी रिकामी जागा होती तिथं मला एकदम आपलं घर दिसलं. हे असलं मी कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांनाही नाही. लाज वाटायची.

दिवेलागणीला आमच्यात घरची प्रार्थना असते, तिला एक गाणं लागतंच. आमच्या घरचं गाणं माझ्या वडिलांनी बांधलेलं, चार कडव्यांचं. पहिल्या तीन कडव्यांत दिवस कसा गेला, भाकर मिळाली, चुका झाल्या, असं सगळं येतं. चौथं दाराचं.

*आले ते सारे आत आले, देवा, आता दार लावू दे,*
*राहिले बाहेर त्यांच्या माथी तुझाच हात राहू दे.*

हे कडवं संपलं की घरातलं सर्वांत धाकटं मूल उठून दाराला कडी घालायचं. माझ्या माहेरी तसा रिवाजच होता. कडी कुणी घालायची यावरून भांडणं व्हायची, धाकटं मोठं झालं तरी हक्क सोडायचं नाही. लग्नानंतर आमच्यात मूल नव्हतं तेव्हा शलमोनच उठून कडी घालायचे, "सध्या मीच धाकटा," म्हणायचे. जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तीन कडवी म्हटली. चौथं मी उचलणार, तर त्यांनी माझ्या तोंडापुढं हात धरला. "हे नको, मरिया. उद्यापासून बाहेर राहिलेल्यांत मीच आहे. हे राखून ठेव. आल्यावर म्हणू." शकुन-अपशकुन आम्ही मानत नाही. मानायचा नसतो. पण त्या दिवसापासून मी चौथं कडवं म्हटलं नाही, दाराला कडी घातली नाही. झोपताना पाट आडवा लावते आणि त्यावर विळी ठेवते. मग चौथं म्हणायचं नाही तर तीन तरी कशाला, तिसऱ्याशी येऊन रोज अडखळायचं कशाला, म्हणून तीही गेली. मग देवळात गाताना इतरांचे नवरे खालच्या सुरात गायला लागले की माझा श्वास पुरेना, म्हणून तिथंही मी नुसते ओठ हलवायला लागले. गाणं असं एकदम गेलं नाही. घरातली मांजर जाते तसं गेलं. एक दिवस लक्षात आलं की बरेच दिवस दिसली नाही.

मग घरात काय उरलं? ऐकणं. भिंतीवरचं घड्याळ मी बंद केलं, त्याची टिकटिक मधे यायची. मशीन चालवताना गल्लीत पाऊल वाजलं की पाय थांबवायचा. सुवार्ता रांगत होती तेव्हा ती डबे वाजवायची, पोरंच ती, डबे वाजवणारच. मी डबे उचलून फळीवर ठेवले. बोटं ओठांवर ठेवून म्हणायचे, "श्श. ऐक." दुसरं काही ती बोलायच्या आधी हे तिला कळलं. "ऐक" म्हटलं की मान फाटकाकडं. मग मी तिला सांगायचे, "तुझ्या बाबांच्या डाव्या बुटाच्या टाचेला नाल आहे, उजव्याचा पडलाय. टक्, मग नुसता पाय. टक्, मग नुसता पाय. ऐकू आलं की पळत जायचं." इतर आया पोरांना चिऊ-काऊच्या गोष्टी सांगतात, मी पावलांची सांगितली. तीच तिची अंगाई. तिला ती आवडायची सुद्धा, पुन्हा सांग म्हणायची. गेल्या श्रावणात देश स्वतंत्र झाला. गल्लीगल्लीतून लेझीम, ढोल, प्रभातफेऱ्या, कापडबाजारापासून दिल्ली दरवाजापर्यंत नुसता कल्लोळ. छबूबाईची पोरं तर हातात थाळ्या घेऊन नाचत होती. मला आनंद झाला नाही असं नाही, पण दिवसभर जीव नुसता वर-खाली. या गोंधळात फाटक वाजलं तर? मी खिडक्या लावून घेतल्या. सुवार्ता पलंगाखाली गेली होती. मी वाकून पाहिलं तर रडत नव्हती, घाबरली नव्हती. कपाळाला आठ्या घालून, एक कान जमिनीला लावून ती त्या सगळ्या ढोलांच्या खालून काहीतरी शोधत होती. मला तेव्हा कौतुक वाटलं. खरंच सांगते, कौतुक वाटलं.

सासूबाई मधे येऊन राहून गेल्या. दोन दिवसांतच कंटाळल्या. "आगं मरे, ह्ये घर हाय का म्हसनवटा? पोरगी हसती बी दबकून. लेकराच्या कानावर काय पडतंय का न्हाई?" मी म्हटलं, "तुमचा मुलगा यायचाय, आत्या." त्या म्हणाल्या, "माजा बी त्यो ल्योकच हुता." हुता म्हणाल्या. मी त्या रात्री त्यांना वाढलं, पण पुन्हा राहा म्हणाले नाही. जाताना त्यांनी सुवार्ताला मांडीवर घेतलं आणि ओवी म्हणायला सुरुवात केली. सुवार्तानं त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू आजी काहीतरी सांडतेय. तेही मी पाहिलं होतं. पाहून सोडून दिलं.

मास्तर बोलून गेल्यावर मात्र मला झोप कसली. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, शलमोन होते त्याच. डॉक्टरीणबाईंनी तिला पाठमोरी उभी केली, लांब जाऊन कुजबुजल्या, तिनं शब्द न शब्द परत सांगितला. वर म्हणाली, "बाहेर कुणीतरी लंगडत गेलं." डॉक्टरीणबाई हसल्या. "मरियाबाई, हिच्यासारखे कान मला असते तर स्टेथास्कोप विकला असता." झालं, मास्तरांचं तोंड बंद करायला एवढं पुरे होतं. मी तरातरा त्यांच्या वर्गावर गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाले, "मग तर फारच बरं. पण तुम्ही एकदा इथं बसून बघाच. मला जे दिसतं ते तुम्हांलाही दिसू दे." मी मागं बाकावर बसले. आधी छबूबाईची चांगुणा उठली. नाकाला शेंबूड, परकराला ठिगळ. मास्तरांनी दोन सूर वाजवले, तर ती "येगळे" म्हणून थांबली नाही, दोन्ही गाऊन दाखवले, आणि पायानं ठेका धरला तो वेगळाच. "ह्यो आमच्या बाबांच्या भजनातला हाय," म्हणाली. गहिनीनाथ दर एकादशीला भजन करतो, घरात नऊ माणसं, पखवाजाच्या शेजारी ही झोपते. मग बंगल्यातला एक मुलगा उठला, त्याला ठेका अजिबात कळेना, पण तीन सूर एकदम दाबले तरी तिन्ही निरनिराळे सांगितले. त्यांच्याकडं ऑर्गन आहे. मास्तर माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "बघा ना, मला वाटायचं मी यांचे कान तपासतो. मी घरं तपासतोय. प्रत्येक पोर आपलं घर कानात घेऊन येतं." हे ते माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, कोण जाणे. मग त्यांनी सुवार्ताला पुढं बोलावलं.

ती उभी राहिली. छान उभी राहिली, वेणी पुढं घेतलेली, हात मागं. तिला त्या गाण्यांत जायचं होतं, घरी आरशासमोर नुसते ओठ हलवून गायल्याचं नाटक करताना मी तिला पाहिलं होतं. ओठ हलवणं तेवढं माझ्याकडून शिकली होती. मास्तर म्हणाले, "हं सुवार्ता, आता नीट ऐक." आणि त्यांनी सूर दाबला. 'ऐक' म्हटल्याबरोबर माझ्या मुलीची मान पेटीवरून फिरली आणि दाराकडं गेली. सूर वाजत होता तिच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर, आणि ती दाराकडं बघत होती, दाराच्या पलीकडं, मैदानाच्याही पलीकडं, जिथं शाळेचं फाटक आहे. भिवया जवळ, ओठ घट्ट. दुसरा सूर वाजला. ती तशीच. मग सूर थांबला, आणि ती मात्र अजून ऐकतच होती. सूर हा तिच्या लेखी मधे आलेला आवाज होता. तो संपायची ती सभ्यपणे वाट बघत होती. मग मान परत वळवून तिनं अगदी दिलगिरीनं सांगितलं, "सारखे." पोरं हसली. आणि मी? मी बाकाची कड धरली होती. ती मान मी ओळखली. ती माझी मान होती.

घरी येताना मी तिला रागावणार नाही असं ठरवलं होतं. माणिक चौकात तिला रेवडी घेऊन दिली. तोंड चिकट झाल्यावर विचारलं, "सुवा, ते दोन सूर तुला खरंच सारखे वाटले?" "हो." "एक जाडा, एक बारीक, असं नाही वाटलं?" तिनं विचार केला. "वाटलं. पण दोन्ही बाबा नाहीत ना." असं म्हणून रेवडी चोखत राहिली. किती सोपं होतं! जगात दोनच आवाज, बाबा आणि बाबा नाहीत. पेटी बाबा नाही, पखवाज बाबा नाही, चांगुणा नाही, स्वातंत्र्य नाही, आजीची ओवी नाही. सगळे सारखे. तेवढ्यात समोरून दोन फौजी गेले, भिंगारचेच असावेत, पायांत जाडजूड एकसारखे बूट, दोन्ही टाचांना लोखंड. धाड् धाड् धाड् धाड्. मी त्या बुटांकडं बघत राहिले. अगं बाई, लष्करात गेल्यावर बूट तिथलेच मिळतात. आपला एक नाल पडलेला बूट घालून सिंगापूरला कोण जातं? तो बूट तर घरीच होता, ट्रंकेत, मीच पुसून ठेवला होता. म्हणजे ते आले असते, अगदी जिवंत, चालत आले असते, तरी टक्, मग नुसता पाय, असं वाजणारच नव्हतं. जो आवाज जगात नाहीच त्याच्यासाठी मी या पोरीचे कान घडवले, रोज, दिवेलागणीला. आणि एवढं साधं माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत आलं नाही. की येऊ दिलं नाही? मला हसू यायला लागलं आणि ते हसू नव्हतं. सुवार्ता म्हणाली, "आई, लोक बघतात." मग आम्ही चालायला लागलो. त्या वेळी, माणिक चौक ते घर या वाटेत कुठंतरी, शलमोन मेले. मला कुणी येऊन सांगितलं नाही. मी फक्त पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि चालत राहिले.

फाटक करकरलं. मी कंदील पुसला, वात नीट केली, पेटवला. मशीनवरचं कापड गुंडाळून बाजूला ठेवलं. सुवार्ता प्रार्थनेला बसते तशी मांडी घालून बसली, डोळे मिटून, आणि मी "आमच्या स्वर्गातील बापा" सुरू करीन म्हणून थांबली. मी गायला सुरुवात केली. काय तो आवाज! गंजलेल्या कोयंड्यासारखा. पहिली ओळ तर हवाच आली नुसती. सुवार्तानं डोळे उघडले. माझ्या तोंडातून असं काही निघतं हे तिला माहीतच नव्हतं. दुसऱ्या ओळीला आईच्या पेटीचा भाता आठवला, श्वास कुठं घ्यायचा ते आठवलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. खालचा सूर नव्हता. त्याची जागा जिथं असते तिथं मी प्रत्येक ओळीला पाय टाकत होते आणि प्रत्येक ओळीला पायरी नव्हती. तिसऱ्याच्या मध्यात सुवार्ता उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं गळ्यात पडेल. तिनं आपला चिकट, रेवडीचा हात माझ्या तोंडावर दाबला. "श्श, आई. हळू. बाबा आले तर ऐकू येणार नाही."

तोंडापुढं असा हात याआधी एकदाच कुणी धरला होता. मी तो छोटा हात तसाच राहू दिला थोडा वेळ. मग काढला, दोन्ही हातांत धरला. "सुवा, बाबा येणार नाहीत." "उद्या?" "उद्याही नाही. बाबा लढाईत गेले, बाळा. तू झालीस तेव्हाच गेले असतील. ते प्रभूकडं आहेत. फाटकातून येणार नाहीत." मी रडत होते, ती नव्हती. ती माझ्याकडं अशी बघत होती की जणू मी तिच्या हातातलं काम काढून घेतलं. मग तिनं विचारलं, "मग मी ऐकू काय?" देवा, मला तर वाटत होतं ती बाप कसा गेला ते विचारेल. "हे ऐक," मी म्हणाले. म्हटल्याबरोबर तिची मान दाराकडं गेलीच. मी हनुवटीला धरून ती हळूच माझ्याकडं वळवली आणि चौथं कडवं उचललं.

*आले ते सारे आत आले* इथं आवाज फुटला, पण मी ओढत नेला. *राहिले बाहेर* म्हणत होते आणि नेमकं तेव्हाच फाटक करकरलं. आम्ही दोघींनी ऐकलं. सुवार्ताचं सगळं अंग ताठ झालं, ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मी थांबते का ते. पाऊल अनवाणी होतं, छबूबाईचं, काहीतरी वाटी-बिटी परत द्यायला आली असणार. ती ओट्यापर्यंत आली आणि माझा आवाज ऐकून तिथंच उभी राहिली. मी थांबले नाही. कडवं संपवलं. छबूबाई तशीच परत गेली, आणि फाटक पुन्हा एकदा करकरून बंद झालं.

"आता कडी घाल, सुवा. धाकट्यानं घालायची असते." ती गेली. दाराजवळ उभी राहिली. एकदा फळीला कान लावला, बराच वेळ. मग टाचा उंचावून कडीपर्यंत हात नेला. कडी गंजली होती, तिला दोन्ही हातांनी ओढावी लागली.